ग्रामसभा टाळायची कशी?

१५ ऑगस्ट जवळ आला, म्हणजे ग्रामसभाही आली. घाबरू नका. वीस वर्षं न जाता आम्ही तरलो, तुम्हीही तराल.

कुणी बोलवायला आलंच तर सोयाबीनवर फवारणी आहे म्हणा. शेत नसलं तरी म्हणा. गावात खोदून विचारायची रीत नाही. मग झेंडावंदन उरकून सरळ टपरी गाठा. ग्रामसभेचे सगळे विषय तिथंच निघतात, वर ठराव लिहायची कटकट नाही.

आपल्यावाचून सभा अडेल, ही चिंता तर सोडाच. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही नाही जमले, तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! एकदा दांडी मारली की पुढच्या खेपेला तुमची गरजच संपली. एवढी मुभा लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा मिळत नाही.

शहरात असाल तर दांडी मारायचेही कष्ट नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. पुढं कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. आपल्याला नगरसेवक नाही, हे लोकांना कधी कळलं? पाण्याची पाळी चुकली आणि कुणाला शिव्या द्याव्यात सुचेना, तेव्हा.

१७ सप्टेंबरला मात्र घरी बसू नका. देशाच्या तेरा महिने मागून, १९४८ साली आपण निजामाच्या तावडीतून सुटलो. रझाकारांना पुरून उरलेल्या आजोबांची गोष्ट माईकवरून सांगा. आपल्या वॉर्डाचा मेंबर कोण, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

राहता राहिली सही. तिचीही सोय आहे. सभेनंतर चार दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन टपरीवरच येतो. वरचा मजकूर वाचत बसू नका, चहा निवतो. २६ जानेवारीच्या सभेची सही मी अशीच केली. एका हातात बशी होती, ती कलंडली आणि कागदावर तपकिरी डाग पडला. मी ओशाळलो. शिपाई म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दादा, वाळतंय."

मे महिन्यात आमच्या गल्लीत टँकर येईना. तावातावानं पंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं शांतपणे रजिस्टर पुढं सरकवलं. गल्लीत घरोघरी नळ पोचले, सबब टँकरची गरज नाही. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सह्या होत्या. आठव्या ओळीवर तपकिरी डाग, चांगला वाळलेला.