जिंकलं कोण, जंतू की आपण?

पक्याला काडी टाकायची सवयच आहे. काल कट्ट्यावर येऊन बसला आणि म्हणे पृथ्वीवरचा सगळ्यात यशस्वी जीव माणूस नाहीच, बॅक्टेरिया आहे, आपण उगाच स्वतःला सृष्टीचा मुकुटमणी समजून बसलोय. नाना समोरच होते, त्यामुळे पुढचा तासभर कशात जाणार ते तिथेच ठरलं.

नाना म्हणाले, "अरे चौऱ्यांशी लक्ष योनी फिरल्यावर नरदेह मिळतो, आणि तू मला जंतूची थोरवी सांगतोस?"

पक्या आकडे घेऊनच आला होता. बॅक्टेरिया साधारण ३५० कोटी वर्षांपासून आहेत, आपली जात जेमतेम ३ लाख वर्षांची. वजनात बोलायचं तर २०१८ साली कुणीतरी पृथ्वीवरच्या सगळ्या जिवांतल्या कार्बनचा हिशोब मांडला होता, त्यात बॅक्टेरियांचा वाटा अंदाजे ७,००० कोटी टन आणि सगळ्या माणसांचा मिळून ६ कोटी टन. हजारपटीच्या वर फरक!

"मग दगड त्याहून जुना आणि जड आहे, त्याला हार घाल," नाना म्हणाले. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण लगेच पुढे म्हणाले की माणसाने मनात आणलं तर रोग मुळापासून उपटतो, देवी संपवली की नाही, आणि तिथे शुभाने पकडलं. शुभा मायक्रोबायोलॉजीवाली आहे, एरवी गप्प असते, पण चुकीचं बोललं की तिला राहवत नाही.

"नाना, देवी म्हणजे व्हायरस. १९८० साली संपल्याचं जाहीर झालं ते बरोबर आहे तुमचं, पण तो बॅक्टेरिया नव्हे. दुसरा संपवलेला रोग गुरांचा बुळकांड्या, २०११ साली, तोही व्हायरसच. बॅक्टेरियाचा एकही रोग आपण अजून पृथ्वीवरून पुसलेला नाही."

नाना दोन मिनिटं शांत बसले आणि मग त्यांनी ठेवणीतलं काढलं, की ही हवा, हा ऑक्सिजन, सगळं आपल्यासाठी आधीपासून मांडून ठेवलेलं दिसतं, ते काय योगायोगाने? शुभा म्हणाली की तो ऑक्सिजन सायनोबॅक्टेरियांनी टाकलेला कचरा आहे. सूर्यप्रकाशावर पाणी फोडून ते स्वतःचं पोट भरत होते, ऑक्सिजन बाहेर फेकत होते, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचायला लागला आणि तेव्हाच्या कित्येक जिवांसाठी ते चक्क विष होतं. आपण त्या विषावर जगायला शिकलेल्यांची पोरं. मांडून वगैरे कुणी काही ठेवलं नव्हतं.

पक्या जाम खूश. पण त्याचं सुख मला बघवेना म्हणून मी शुभाला म्हटलं तो व्हिडिओ दाखव, तो मोठ्या प्लेटचा. हार्वर्ड आणि टेक्निऑनवाल्यांनी २०१६ साली केलेला प्रयोग आहे. सगळे मोबाइलवर वाकले. दोन बाय चार फुटांची प्लेट, आत काळं जेल, आणि त्यात अँटिबायोटिकचे पट्टे, दोन्ही कडांना अजिबात नाही, मग जंतू मरेल त्यापेक्षा थोडं जास्त, मग दहापट, शंभरपट आणि मधोमध हजारपट. कडेला ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारे बॅक्टेरिया, सोडलेत. पांढरा थर पसरत पसरत पहिल्या सीमेला येतो आणि अडतो, अगदी रेषेवर थांबतो. मग एका जागी एक ठिपका पलीकडे उमटतो, पंख्यासारखा फुलतो, शेजारच्या पंख्याची वाट अडवतो, पुढच्या सीमेवर परत सगळे अडतात, परत एखादा फुटतो. दहा-बारा दिवसांत हजारपटीचा पट्टा पांढरा.

"बघा!" पक्या ओरडला.

मी म्हटलं बघतोयच, पण तूही बघ, त्या प्रत्येक रेषेवर किती थांबले? पलीकडे गेला तो एखादा, बाकीचे तिथेच खलास किंवा अडकलेले, त्यांचा हिशोब कुणी मांडतच नाही. माणसाचं यश बोलताना आपण एकेकाचं आयुष्य बघतो, कोण उपाशी, कोण आजारी, आणि बॅक्टेरियाचं बोलताना फक्त उरलेल्यांचा थर बघून टाळ्या वाजवतो. शिवाय तू आपली एक जात घेतोस आणि समोर बॅक्टेरियांचं अख्खं साम्राज्य ठेवतोस, म्हणजे एका बॅट्समनचा स्कोअर आणि अख्ख्या टुर्नामेंटचा स्कोअर. त्यांच्यातल्याही किती जाती नामशेष झाल्या असतील, आपल्याला पत्ताही नसेल.

त्यावर शुभाने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं आणि खरं तर सगळ्या चर्चेत तेच भारी होतं. त्या प्लेटवर पुढे गेलेले सगळ्यात दणकट होते असंही नाही! काही जास्त दणकट मागे कोंडले होते, कारण कमी ताकदीचे आधी पुढे सरकून जागा अडवून बसले. संशोधकांनी त्या मागच्यांना उचलून सीमेवर ठेवलं तर पुढचे जिथे अडले होते तिथेही ते वाढले.

"म्हणजे जागेचं नशीब," नाना म्हणाले.

आता यात नानांचा मुकुट पण गेला आणि पक्याचा चॅम्पियन पण. वर चढत जाणारा जिना नाहीच, मग वरच्या पायरीवर कोण हे भांडण कशाचं? असं मी म्हटलं, पण ऐकतो कोण. पक्याने नवीन फळी उघडली, की उद्या माणूस गेला तर बॅक्टेरियांना फारसा फरक पडत नाही, ते गेले तर आपण गेलो, हवेतला नायट्रोजन झाडांना खायला घालायचं काम निसर्गात तेच करतात. नाना म्हणाले त्यासाठी आता खताचे कारखाने आहेत. पक्या म्हणाला कारखाना चालवणाऱ्याच्या पेशीत ऊर्जा तयार करणारे जे मायटोकाँड्रिया आहेत ते पण मुळात बॅक्टेरियाच होते. इथे शुभा पक्याच्या बाजूने मान हलवत होती म्हणून नाना जास्तच चिडले.

"मग माझ्या शरीरात मी किती आणि ते किती, ते तरी सांग एकदा."

शुभा म्हणाली २०१६ चा अंदाज असा की आपल्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि बॅक्टेरिया ३८ लाख कोटी, आपल्या एका पेशीमागे दहा बॅक्टेरिया वगैरे जे पूर्वी सांगायचे ते चुकीचं निघालं. वजन विचाराल तर सगळे बॅक्टेरिया मिळून पाव किलोही नाहीत, २०० ग्रॅमच्या आसपास. आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात, त्यामुळे एकदा पोट साफ झालं की तेवढ्यापुरती आपली संख्या जास्त होऊ शकते.

पक्या म्हणाला, "म्हणजे नाना, रोज सकाळी तुमचं सरकार येतं."

"येतं," नाना म्हणाले, "पण दुपारपर्यंत टिकत नाही."