डब्याची मर्जी कशी राखावी

टीव्हीखाली ठेवलेला रेकॉर्डर, म्हणजे कार्यक्रम साठवून ठेवणारा डीटीएचचा डबा, आपण आपल्या सोयीसाठी विकत घेतला आहे, असा जर आपला समज असेल तर तो आधी सोडून द्यावा. ज्या घरात रेकॉर्डर येतो त्या घरात आपण त्याच्या आश्रयाने राहत असतो, ही गोष्ट एकदा मनाशी पक्की केली की मध्यरात्री न विचारता येणाऱ्या अपडेटचा राग येत नाही. काल डावीकडे असलेली यादी आज उजवीकडे का गेली, आणि रिमोटवरचे लाल बटण दाबले असता रेकॉर्डिंग सुरू होण्याऐवजी भाड्याच्या सिनेमांची जाहिरात का उघडते, असले क्षुद्र प्रश्नही मग पडत नाहीत. यादीचा रंग बदलून द्या, अशी मागणी आमच्या वेंगुर्ल्यात तरी कोणी केल्याचे मला स्मरत नाही. परंतु ज्याला आपल्या मनातले आपल्याआधी कळते त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

अपडेट स्वीकारण्यासाठी डबा रात्रभर स्टँडबायवर, म्हणजे तांबडा दिवा लावून, ठेवावा. कोकणातील माणसांना पावसाच्या तोंडावर विजा कडकडू लागल्या की टीव्हीचा प्लग काढण्याची आणि छत्रीची वायरही उपसून ठेवण्याची वाईट खोड आहे, ती मोडावी. पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे, कृपया वीजपुरवठा बंद करू नका’ अशी सूचना येते, तेव्हा ती वाचून गंभीर चेहऱ्याने मान डोलवावी. ही सूचना लिहिणाऱ्या गृहस्थांनी आषाढातील एकही रात्र आमच्याकडे काढलेली नसावी, कारण येथे वीज बंद करण्याचे काम आमच्याकडे नसते. ते माडाची एखादी झावळ तारांवर पडून परस्पर करते.

अपडेट उपग्रहावरून येतो कसा, हेही समजून घेणे आपले कर्तव्य आहे. तो एकदाच पाठवला जात नाही. त्याचे तुकडे करून ते प्रक्षेपणाबरोबर एकामागून एक, पुन्हा पुन्हा, चक्राकार सोडले जातात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते, त्यातलाच हा प्रकार समजावा. आपल्या दारी पालखी आली तेव्हा आपण घरात नसलो तर पुढच्या फेरीची वाट पाहायची, तसाच आपला डबाही हुकलेल्या तुकड्याची वाट पाहत बसतो. फरक एवढाच की पालखीला पाऊस चालतो. डीटीएचचे प्रक्षेपण ज्या केयू बँडमध्ये होते त्याच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि जोराच्या पावसाचे थेंब या लहरी शोषतात व विखुरतात. ज्या सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, तेथे जुलैमध्ये मोठा अपडेट सोडणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. डब्यात जुन्या सॉफ्टवेअरची एक प्रत जपून ठेवली आणि नवे बिघडले तर आपोआप जुन्यावर परतण्याची सोय केली, तर हा सगळा जिवाचा खेळ टळू शकतो, ही युक्ती यंत्रे बनवणाऱ्यांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. पण मग अपडेटमधली उत्कंठाच गेली.

आता वेळेविषयी. कार्यक्रमांचे जे वेळापत्रक प्रक्षेपणाबरोबर डब्यात येते, त्यातील वेळा ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे असतात. त्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ काढणे एवढेच काम डब्याने करायचे असते, आणि बेरजेचे हे उदाहरण आमचा डबा कित्येक वर्षे न चुकता सोडवत आला होता. त्यामुळे जून 2024 मधल्या एका अपडेटने त्याला या कष्टातून मुक्त केले, हे समजण्यास आम्हाला थोडा वेळ लागला. रात्री आठचा कार्यक्रम तो दुपारी अडीच वाजताच रेकॉर्ड करू लागला. आईची रात्रीची मालिका दुपारी अडीचला पुन्हा दाखवतात, पण तो आदल्या दिवशीचा भाग असतो. त्यामुळे आई जवळजवळ आठवडाभर कालच्याच दिवसात राहत होती, आणि मालिकाच अशी की तिला काही संशय आला नाही.

माझ्या वाट्याला मात्र 29 जून आला. त्या रात्री बार्बाडोसमध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात ट्वेंटी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि मी मुंबईहून कोकण रेल्वेने घरी निघालो होतो. पावसाळी वेळापत्रक लागू झालेले, गाडी जपून चाललेली आणि दर बोगद्यात मोबाईलची रेंज जाणारी. डब्यातील इतर प्रवासी (हा डबा रेल्वेचा) अखेरच्या षटकात अर्धवट गोठलेल्या चित्राकडे पाहत देवाचा धावा करीत असताना मी कानांत कापसाचे बोळे घालून शांत पडून होतो, कारण घरी माझा रेकॉर्डर होता. सात धावांनी जिंकल्याचे मला कापसातूनही कळले. तेवढा ओरडा कापूस अडवू शकत नाही. तरी सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल आपण सावकाश, मागे-पुढे करून, चहा पीत पाहू, या आनंदात मी कुडाळला उतरलो. घरी पोचल्यावर आंघोळही न करता यादी उघडली. यादीत ‘अंतिम सामना’ ही अक्षरे अगदी ठळक होती. आत दुपारी अडीचपासून साडेसहापर्यंत सूट घातलेले चार तज्ज्ञ एका काचेच्या टेबलाभोवती बसून, आज बार्बाडोसमध्ये पाऊस पडेल की नाही, याची चर्चा करीत होते.

अशा प्रसंगी ग्राहक सेवा केंद्राला फोन करावा, पण तक्रार म्हणून करू नये. संगीत ऐकण्यासाठी करावा. वीस-बावीस मिनिटे बासरी ऐकल्यावर पलीकडून एक अत्यंत विनयशील आवाज आपल्याला डबा बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगेल. ते आपण आधीच तीनदा केले आहे, हे त्याला सांगू नये, त्याला वाईट वाटते. त्यानंतर तो डबा पूर्वस्थितीला नेण्याचा उपाय सुचवील, आणि त्यात साठवलेले सारे रेकॉर्डिंग पुसले जाईल, हे आपण विचारले तरच सांगेल. हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडण्याचा विचार मनात आला असल्यास तोही गिळावा. ती रेकॉर्डिंगे त्या एका डब्यासाठीच कुलूपबंद असतात आणि डबा गेला की किल्लीही जाते. भाचीच्या शाळेचे नाटक सह्याद्रीवर दाखवले होते तेव्हा आम्ही ते हौसेने साठवले होते. पूर्वी व्हीसीआरच्या कॅसेटला आमच्या दमट हवेत बुरशी येत असे आणि ती पुसण्यासाठी वडील फीत बोटभर बाहेर ओढून मलमलच्या फडक्याने तासभर बसत असत. पण बुरशी फोनवर बोलून आणि आमच्या संमतीने येत नसे, एवढे तिच्या बाजूने म्हणावे लागेल.

फोनचा उपयोग झाला नाही, तर आपल्या परंपरेकडे वळण्यात कमीपणा मानू नये. टीव्हीसमोर पाटावर विडा आणि नारळ ठेवून शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडून गाऱ्हाणे घालून घ्यावे. आमच्यासाठी ते त्यांनी पूर्ण गांभीर्याने घातले: ‘बा देवा महाराजा, ह्या डब्यात जो काय नवो अपडेट इलेलो आसा, तेच्या हातसून काय वाकडा-तिकडा झाला आसात तर ता सुरळीत कर रे महाराजा!’ आम्ही सर्वांनी ‘व्हय महाराजा’ म्हटले. बाहेर पडताना मात्र त्यांनी चपला घालता घालता ‘नवो डबो हाडलंस तरी गजाल तीच’ असे हळूच सांगितले, ते मी येथे नोंदवून ठेवतो.

गाऱ्हाणे लागू पडले. ऑगस्टमध्ये पुढचा अपडेट आला, त्याने ते साडेपाच तास परत दिले आणि मोबदल्यात आमचे सारे रेकॉर्डिंग पुसून नेले. भाचीचे नाटक गेले, दशावताराचे दोन प्रयोग गेले. राहिले ते फक्त ‘अंतिम सामना’. तो पुसण्याचा प्रयत्न केला की ‘हे रेकॉर्डिंग सध्या वापरात आहे’ असे उत्तर येते. ते कोण वापरीत आहे, याचा उलगडा झालेला नाही.

7 सप्टेंबरला गणपती बसले. घरात अठरा चाकरमानी, माटवीला टांगलेले काकडी-दोडके, आणि संध्याकाळी आरतीनंतर असा पाऊस लागला की एकेक वाहिनी ‘सिग्नल नाही’ म्हणत मावळली. साठवलेले तेवढे पावसातही दिसते, ही या यंत्राची खरी थोरवी. पाहुण्यांना ताटकळत ठेवणे बरे नाही म्हणून मी होते ते एकुलते एक रेकॉर्डिंग लावले आणि अठरा माणसे मोदक खात त्या चार तज्ज्ञांचे म्हणणे शांतपणे ऐकू लागली. तास-दीड तासाने डोंबिवलीचे काका जागे झाले, पागोळ्यांच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारले, ‘मगे, पडलो काय रे पाऊस?’