कार्डावर दोन टक्के कशाचे?

आज डोकं एवढं तापलं आहे की आधी लिहून मोकळा होतो. शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नका.

भाचीची एम.एस्सी.ची फी भरायची शेवटची तारीख होती. भाऊजी एकटेच एसटीनं निघणार होते. मीच म्हटलं, दुकान पोरावर टाकतो, गाडीनं जाऊ. विदर्भातल्याच एका विद्यापीठाचा विभाग. नाव लिहीत नाही. तुम्ही आपापल्या विद्यापीठाचं नाव घालून वाचा, फार फरक पडणार नाही.

फी २४,५०० रुपये. भाऊजींनी खिडकीतून रुपे डेबिट कार्ड आत सरकवलं. आतून आवाज आला, "कार्डावर दोन टक्के एक्स्ट्रा लागते काका. चारशे नव्वद."

भाऊजी म्हणाले, "बरं सायेब."

एवढंच. काऊन, कशाचे, काही नाही. बरं सायेब! माझं तिथंच सटकलं.

हे पैसे कुठले ते सांगतो. हिवाळ्यात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घातला, त्याचे थेट खात्यात आलेले. पेरणी तोंडावर आली तरी भाऊजींनी त्यांना हात लावला नाही. बियाणं माझ्याच कृषी केंद्रातून उधारीवर नेलं, आणि मेहुण्याकडे उधारी सांगताना माणसाची मान किती खाली जाते ते मी पाहिलं आहे. पोरीची फी आधी, बाकी मग. आता कुणी म्हणेल, रोख काढून न्यायचे होते. कुठून? आमच्या गावच्या एटीएमचं शटर अर्धं खाली असतं, आणि तालुक्याच्या एटीएममध्ये पैसे टाकल्याची बातमी पोचेपर्यंत पैसे संपलेले असतात. सरकारनंच सांगितलं खातं उघडा, कार्ड घ्या, कॅशलेस व्हा. झालो. आता त्याचाही दंड?

मी काही हवेत बोलत नाही. माझ्या दुकानात स्वाईप मशीन आहे. ते देताना बँकेनं इंग्रजीतल्या कागदांचं बाड सह्या करायला पुढे केलं होतं. सह्या मारल्या, आणि नंतर पावसाळी बसल्या-बसल्या पोराकडून वाचूनही घेतलं. कार्ड वापरलं म्हणून गिऱ्हाइकाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यात लिहिलं आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की डेबिट कार्डावर टक्केवारी लावणारा दुकानदार करार मोडतो, अशांशी संबंध तोडा. आपलं हे विद्यापीठ त्या हिशेबात दुकानदारच. बँकेच्या कागदावर 'मर्चंट' म्हणून त्याचीच सही असणार, कुलगुरूंच्या दालनात कितीही तैलचित्रं टांगलेली असोत.

आता ते दोन टक्के. मशीनवाली बँक दुकानदाराच्या पैशातून जे कापते त्याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डासाठी १ जानेवारी २०१८ पासून त्याला मर्यादा आहे. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्याला ०.९० टक्के. म्हणजे २४,५०० वर बँक फार ओढून २२० रुपये कापेल, वर जीएसटी. आणि रुपे डेबिट कार्डाला १ जानेवारी २०२० पासून किती? शून्य. भोपळा. बँक विभागाकडून एक रुपया कापत नाही, अन् विभाग भाऊजींकडून चारशे नव्वद मागतो. माप व्हायच्या आधीच हमाली कापल्यासारखं. आणि हमाल तरी पोतं उचलतो!

क्रेडिट कार्डाला दोनच्या आसपास लागतात, मान्य. ऑनलाइन गेटवेवर 'कन्व्हेनियन्स फी' नावाची पळवाट सगळेच वापरतात, तेही मान्य. पण समोर जे कार्ड आहे ते बघून तरी बोला.

मी खिडकीशी गेलो आणि विचारलं, हे दोन टक्के कोणत्या आदेशानं? पोरगा म्हणाला, "सर, आधीपासून असंच आहे." आधीपासून. हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शासन निर्णय.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यानं एक रजिस्टर ओढलं, लाल कापडी पाठीचं, जाडजूड, कोपऱ्यावर चहाच्या बशीचा गोल. रकाने आखलेले: नाव, वर्ग, रक्कम, कार्ड नंबर, एक्सपायरी, आणि शेवटचा रकाना 'मागचा नं.' कार्ड उलटं करून त्यानं मागचे तीन आकडे निळ्या बॉलपेननं लिहिले. मी बघतच राहिलो. वरच्या ओळींत आणखी पोरांची कार्डं, पूर्ण सोळा-सोळा आकडे, सुवाच्य अक्षरात. खिडकीवर उघडं रजिस्टर. मागे उभा असलेला कुणीही वाचावं असं.

ते मशीन स्लिप छापतं ना, तेसुद्धा कार्डाचे शेवटचे चारच आकडे छापतं, बाकी फुल्या. यंत्राला जेवढी अक्कल घातली आहे तेवढीही माणसाला कुणी शिकवली नाही. चिपचं कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन मारला, संपलं. मागच्या तीन आकड्यांचा तिथे उपयोगच नाही. कार्डाच्या सुरक्षेचा पीसीआय डीएसएस नावाचा जो नियम जगभर चालतो, त्यात व्यवहार झाल्यावर ते तीन आकडे कुठेही, कोणत्याही रूपात ठेवायला मनाई आहे. रिझर्व्ह बँकेनं तर १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनाही गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवू दिलेला नाही, खऱ्या नंबराऐवजी बदली नंबर, म्हणजे टोकन, वापरा म्हणून सांगितलं. आणि इथे टोकन कसलं, रकाना आखलाय!

"अहो, ओटीपीशिवाय पैसे निघत नाहीत," असं एक प्राध्यापक मित्र फोनवर म्हणाला. बरं. पण ओटीपी मागणारा कसा पटवतो ते गावात येऊन बघ म्हणावं. "काका, तुमचा कार्ड नंबर अमुक, एक्सपायरी अमुक, बरोबर ना? मग बँकेतूनच बोलतोय." एवढं ऐकलं की आपला माणूस ओटीपी देऊन मोकळा होतो, वरून थँक्यू म्हणतो. आमच्या गावात या वर्षी असे किती जण रडले ते मी दुकानात बसून ऐकलं आहे.

असो. मी वाद घालतोय तोवर भाऊजींनी पिन दाबलासुद्धा. २४,९९० ला. पोरीची सीट जाईल या भीतीनं. मशीन फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग काहीतरी लाल आलं. स्लिप नाही. इकडे भाऊजींच्या बटणाच्या फोनवर मेसेज: पैसे वजा.

"फेल दाखवते काका. पुन्हा मारा."

"पैशे कटले न सायेब. हे पाहा न. पावती द्या न."

"बँकेत जा."

भाऊजी फोन खिडकीच्या जाळीला लावून उभे. मेसेज आतल्याला दिसावा म्हणून. भाची मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. शेवटी फी मी माझ्या फोनवरून भरली, आणि भाऊजींवर बियाण्याच्या उधारीत आणखी एक ओझं झालं. मी काही मागणार नाही हे त्यांनाही माहीत आहे, म्हणूनच परत येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

इथवर लिहून चहा घेतला. जरा शांत झालो, तर त्या पोराबद्दलही लिहितो. कंत्राटी असणार. पगार वेळेवर होत नसणार. मशीन कपाटात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि रांग त्याच्या एकट्याच्या तोंडावर. रजिस्टरचे रकाने त्यानं आखलेले नाहीत, त्याच्या आधीच्यानं आखले असतील. मशीन फेल दाखवत होतं, म्हणजे पैसे विभागाकडे आलेच नसतील, हेही खरं. मशीनवर स्लिप न निघता पैसे कटले तर बँकेनं ते पाच दिवसांत आपणहून खात्यात परत टाकायचे, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. त्याला कुणी सांगायचं होतं? माझ्यासारख्या खतविक्यानं?

पाच दिवसांत पैसे येतील हो. पण सीट पाच दिवस थांबते का? मेसेज बघून एक तात्पुरती पावती फाडायला, 'पैसे वजा झाल्याचे दाखवले, परतावा आल्यावर पुन्हा भरावे' एवढी ओळ लिहायला कोणती व्यवस्थापन परिषद बसवावी लागते? मी सोबत नसतो तर? हाच प्रश्न सारखा डोक्यात येतो आहे. त्या रांगेत मेहुणा सोबत नसलेले किती बाप होते?

घरी येऊन बघितलं, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कार्डानं पैसे घेण्याच्या अटी नेटवर कुणालाही वाचता येतात. तिथे एखाद्या विभागाला कार्डानं पैसे घ्यायचे असतील तर आधी विद्यापीठाच्या वित्त कार्यालयाची परवानगी. बँक जे कापते ते विभागाच्या खात्यातून. मशीन हाताळणाऱ्याला दरवर्षी प्रशिक्षण. कोणती मशीन कुठे आहे त्याची यादी, आणि कुणी छेडछाड केली नाही ना याची तपासणी. कार्ड नंबर कागदावर टिपायला बंदी. यात कुठे रॉकेट उडवायचं आहे? आपल्याकडेही वित्त व लेखा अधिकारी आहेत, बजेट अधिसभेपुढे जातं, सगळं आहे. फक्त ती मशीन कुणाची, हे कुणाला ठाऊक नाही. दोन टक्के गोळा होतात ते कोणत्या खात्यात जातात, हेही मला तिथे कुणी सांगू शकलं नाही.

"युपीआय करायचं ना" लिहिणाऱ्यांनो, थांबा. हो, मीही शेवटी तेच केलं. फीसाठी मर्यादाही पाच लाखांपर्यंत वाढवली आहे, बटणाच्या फोनवरही ते चालवता येतं म्हणतात. येत असेल. पण भाऊजींना एक पिन पाठ आहे आणि एक कार्ड आहे, दोन्ही बँकेनं दिलेलं. ते खिडकीवर चालत नसेल तर मशीन बँकेला परत करा आणि बाहेर पाटी लावा, फक्त चलान. आम्ही बँकेत रांग लावू, सवय आहे.

भाऊजींचं कार्ड मी गाडी काढायच्या आधीच ब्लॉक करायला लावलं. त्या रजिस्टरात ज्यांची नावं आहेत त्या पोरापोरींनीही करावं, भाची तिच्या ग्रुपवर टाकते आहे.

आणि सोमवारी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो आहे, दहा रुपयांचं तिकीट लावून. बँकेबरोबरच्या कराराची प्रत, दोन टक्के घेण्याचा लेखी आदेश, गेल्या वर्षी त्यातून किती जमलं आणि कुठे जमा झालं, आणि कार्ड नंबर लिहून ठेवायला कुणी सांगितलं. अधिसभेवर असलेले दोघे-तिघे माझ्या यादीत आहेत, त्यांनी लाईक मारून निघून जाऊ नये, हेच चार प्रश्न बैठकीत विचारावेत. अर्जाचा मसुदा कुणाला आपल्या विद्यापीठासाठी हवा असेल तर मागा, पाठवतो.