काका, प्रीमियम ना?

नागपुरात उन्हाचा विषय संपला की गाडीच्या ॲव्हरेजचा निघतो. 'किती देते?' असं विचारणाऱ्याला आपला आकडा ऐकायचा नसतो, स्वतःचा सांगायचा असतो. तुम्ही 45 म्हणा, तो 55 म्हणेल. तुम्ही 55 म्हणा, तो म्हणेल, "उतारावर मोजलं असन." माझी स्कूटर 45 देते आणि मी 45च सांगतो. या सत्यवचनीपणापायी गल्लीपासून ऑफिसपर्यंत झाडून सगळे माझ्या टाकीच्या मागे लागलेत. "प्रीमियम टाकून पाहा ना बे, गाडी मख्खन चालते!" आता मख्खन म्हणजे लिटरमागे किलोमीटर किती, एवढंच विचारलं तरी सल्लागार तोंड फिरवून चहा मागवतो.

पंपावर तर वेगळीच परीक्षा. मे महिना, पारा 44, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, मागे हॉर्न वाजवणारी रांग. पोट्टा नोझल उचलता उचलताच म्हणतो, "काका, प्रीमियम ना?" यातला 'ना' फार वाईट. नाही म्हणायचं तर दुपट्टा सोडून, घसा खाकरून नाही म्हणावं लागतं. मग तो पलीकडच्या हवा भरणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "साधंच?" रांगेतल्या चार माना वळतात. महिनाअखेर असल्याचं सगळ्या पंपाला कळतं.

शेवटी प्रीमियमवाले ज्या 'ऑक्टेन'चा आकडा मिरवतात ते असतं तरी काय, हे विचारायला मी माझ्या मिस्त्रीला गाठलं. कार्बोरेटरच्या काळापासून हात काळे केलेला माणूस, त्यामुळे 'मख्खन' वगैरे बोलत नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "भाऊ, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. सहनशक्ती हाय. लग्नातला पोरीचा बाप पाह्यला ना? कितीही दाबा, वेळेआधी भडकत नाही. तसं."

याच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि ठिणगी पडल्यावर ते नीट पेटत जाणं अपेक्षित असतं. दाबानं आणि उष्णतेनं ते आपल्या मनानं भडकलं, तर इंजिन टकटक करतं. हे भडकणं किती टळतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. दाब जास्त असलेली इंजिनं, टर्बोवाल्या गाड्या, महागड्या स्पोर्ट्स बाइक यांना वरचं ऑक्टेन लागतं. ते मिळालं नाही तर त्यांचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि जोरही जातो, ॲव्हरेजही. माझ्या स्कूटरच्या पुस्तकात मात्र 91 पुरे म्हणून लिहिलंय. तिला 95 पाजलं काय अन् 100 पाजलं काय, जी टकटक ती करतच नाही ती थांबणार कशी? प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, हे खरं. आतून मळलेल्या इंजिनाला त्यांचा थोडाफार उपयोग होतो. पण 45 चे 60 करणारं रसायन अजून कुठल्या डब्यात आलेलं नाही.

100 ऑक्टेनवाल्यांची तर गंमतच. इंडियन ऑइलनं 1 डिसेंबर 2020 ला 'एक्सपी 100' आणलं, दिल्लीत 160 रुपये लिटर. पहिल्या दहा शहरांत मुंबई होती, पुणं होतं, नागपूर नव्हतं. आमच्या ऑफिसात तेव्हा याला 'विदर्भावरचा अन्याय' म्हणणारे निघाले. त्यातल्या एकाकडे सायकल होती.

आता यात इथेनॉल आलं. त्यावर नागपूरकराचं मत नसेल तर तो नागपूरकरच नाही. लिटरला लिटर लावलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानंच सांगितलं होतं की दहा टक्क्यांच्या हिशेबानं बसवलेल्या जुन्या दुचाक्यांत वीस टक्के मिसळलं तर ॲव्हरेज तीन-चार टक्के घसरेल. पण त्याच इथेनॉलचं ऑक्टेन मात्र शंभराच्या वर! पेट्रोलियम मंत्रालयानं 2025 साली हिशेब मांडला: बीएस-2 या धुरावरच्या जुन्या नियमांच्या काळात साधं पेट्रोल 88 चं होतं, मग 91 झालं, आता वीस टक्के मिश्रणाबरोबर 95 पर्यंत आलंय. म्हणजे ऑक्टेन चढलं आणि ॲव्हरेज उतरलं, तेही एकाच नळीतून. एवढं सांगूनही ऑफिसातला मख्खनवाला म्हणाला, "ते सरकारी आकडे. मले तर फरक पडला."

पैशाचा हिशेब तर त्याहून सोपा. समजा साधं 105 ला आणि प्रीमियम 112 ला. साध्यावर 45 देणाऱ्या गाडीनं प्रीमियमवर 48 दिले तर कुठं बरोबरी. नफा त्यापुढे.

आणि मोजायचं कसं? टाकी काठोकाठ भरा, दोनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा, असं शास्त्र सांगतं. शास्त्राला नागपूरचा मे महिना ठाऊक नाही. आपल्याकडे सिग्नल लाल झाला की दुचाकीवाले पांढऱ्या रेषेवर थांबत नाहीत, पन्नास पावलं आधीच्या कडुलिंबाखाली थांबतात. हिरवा झाला की सगळे तिथून एकदम मूठ पिळून सुटतात, नाहीतर सिग्नल पुन्हा लाल. महानगरपालिका काही चौकांत सावलीसाठी हिरवी जाळी बांधते, तिथं निदान शर्यत रेषेवरून सुरू होते. कडुलिंब ते सिग्नल या शर्यतीत जे पेट्रोल जळतं, ते कोणत्या ऑक्टेनच्या नावावर मांडायचं?

आमचे सासरे प्रीमियमचे कट्टर. प्रतापनगरात राहतात, माझ्याच मॉडेलची स्कूटर, आणि ती 52 देते. मी एकदा त्यांच्या मागे बसून गेलो. वेग 35 च्या वर नाही. ब्रेक क्वचित, कारण गाडी आपसूक थांबेल इतक्या आधीच मूठ सोडलेली. चाकात हवा दर सोमवारी.

मी म्हटलं, "बाबा, हे 52 पेट्रोलचे नाहीत. तुमच्या चालवण्याचे आहेत."

"मंग बरोबरच आहे ना जवाईबापू," ते आरशात न पाहता म्हणाले. "पेट्रोल महागाचं असलं का माणूस गाडी सांभाळूनच चालवते."

यावर माझ्याकडे ना नीती आयोग होता ना मिस्त्री. पुढच्या रविवारी ते घरी आले, माझी स्कूटर घेऊन भाजी आणायला गेले आणि येताना टाकी प्रीमियमनं फुल करून आले. पैसे काही केल्या घेईनात. लिटरमागच्या त्या सात रुपयांचा हिशेब पहिल्यांदाच माझ्या बाजूनं लागला.