10 ते 5 या वेळेत समुद्र भेटत नाही

मामेबहिणीला रत्नागिरीजवळच्या एका सागरी संशोधन केंद्रात इंटर्नशिप मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी मामींनी मला व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक संदेश पाठवला. अशी इंटर्नशिप म्हणजे समुद्रकाठची फुकट सहल, असे त्यात ठासून सांगितले आहे: काम 10 ते 5, खडकांवर केव्हाही जावे, रोज बोटीतून डॉल्फिन पाहावेत, येताना शंख-प्रवाळ आणावेत, आणि पोहता येत नसेल तर अर्जच करू नये. मी स्वतः अशा केंद्रात दोन महिने काढले आहेत, म्हणून हे उत्तर.

सर्वांत हास्यास्पद, आणि कोणी खरे मानले तर जिवावर बेतणारा दावा वेळेचा आहे. कोकणातला कोणताही खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी हा संदेश वाचून कोणी 11 वाजता खडकांवर पोहोचला, तर ज्या खडकांवर चौकट ठेवून त्यातील शिंपले, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव) आणि शेवाळ मोजायचे, ते पाण्याखाली असतील. मोठी ओहोटी त्या दिवशी पहाटे पाचच्या आसपास येते आणि रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. आमचे वेळापत्रक त्या तक्त्यांवरून ठरत असे, घड्याळावरून नव्हे. पहाटे साडेतीनला उठायचे, बॅटरीच्या उजेडात निसरड्या खडकांवर उतरायचे आणि पाणी वळायला लागले की मोजणी अर्धवट असली तरी मागे फिरायचे, हा नियम कोणी मोडत नसे.

डॉल्फिन मला दोन महिन्यांत एकदाच दिसले, तेही दूरवर. बोटीवरचा वेळ प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडण्याची जाळी ओढण्यात आणि बाटल्या भरण्यात जात असे. पाण्यातील प्राणवायू मोजायचा असेल तर बाटलीत बुडबुडा राहू न देता रसायने तिथेच, हेलकावे खात घालावी लागतात. उरलेला दिवस सूक्ष्मदर्शकाखाली एका मिलीलीटर पाण्यातील जीव मोजण्यात किंवा टाक्या घासण्यात संपतो.

प्रवाळाबद्दल एवढेच सांगतो की ते 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आठवण म्हणून ते उचलणे हा गुन्हा आहे.

पोहण्याच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बोटीवर जायचे तर पोहता येणे केव्हाही बरे. पण मला स्वतःला धड पोहता येत नव्हते, लाइफ जॅकेटशिवाय कोणाला बोटीत घेत नसत, आणि बहुतेक काम गुडघाभर पाण्यात किंवा प्रयोगशाळेतच होते.

मामींनी शेवटी विचारले होते की तिच्यासोबत काय द्यावे. पकड असलेल्या तळव्यांचे जुने बूट द्यावेत, आणि चार-पाच पेन्सिली, कारण नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरची पेनाची शाई पाण्यात पसरते.