वर्णन असं करा की वाचक पेंगला पाहिजे

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरच्या संध्याकाळचं वर्णन लिहायला बसलात? छान. पहिली गोष्ट, रंकाळ्यावर जाऊ नका. तिथं गेलं की काहीतरी दिसतं, आणि दिसलं की वाक्यं बिघडतात.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. आळशी लेखकाची भाषेनं केलेली ही सोय सोडू नका. ‘संध्याकाळ झाली होती. सूर्य शालिनी पॅलेसच्या मागे कलला होता. वारा सुटला होता. भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. मी कठड्यावर बसलो होतो.’ बघा, पाचव्या होता-होतीला वाचकाची मान कलायला लागली. कुणी शहाणा सांगेल, ‘सुटला वारा’ असं क्रियापद पुढं घे. नाहीतर ‘भेळ, कणसं, फुगे, पोरांचा कालवा’ इथंच थांब, क्रियापद नकोच. नाहीतर मध्येच वर्तमानकाळात शीर. ऐकू नका. क्रियापद जागचं हललं की वाचकही हलतो, आणि हललेला वाचक पुढचं वाक्य वाचायला मागतो. ते कुठून आणणार?

तरीही परीक्षक ‘वाक्यरचनेत वैविध्य हवं’ म्हणून गुण कापतात. त्यावर उपाय म्हणजे रेशन. व्याकरणाचं पुस्तक उघडा आणि दर परिच्छेदाला एक प्रश्नार्थी, एक उद्गारार्थी, एक आज्ञार्थी, चवीपुरतं एक मिश्र, असं माप घाला. ‘अहाहा! काय तो रंकाळा!!! कोण बरे या लाटांना हलवीत असेल? पाहा, पाहा! जो रंकाळा आहे, तो रमणीय आहे.’ शेवटचं मिश्र वाक्य आहे, शंका नको. जो-तो दोन्ही हजर आहेत.

प्रश्न मात्र उत्तर खिशात असलेलाच विचारायचा. ‘पाणी एवढं हिरवं का दिसतंय?’ असा खराखुरा प्रश्न विचारलात तर सांडपाण्यापर्यंत जावं लागेल, आणि तिथं अहाहा चालत नाही.

आता कुस्ती. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, मध्ये खोलात आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे मागच्या माणसालाही माती दिसते. इथं एक मोठा धोका आहे. दोन पैलवान खडाखडी करत, एकमेकांच्या मानेवर हात टाकून, रेटत, मागं सरत, पुन्हा भिडत, अंगाला लाल माती फासत, घामानं ती धुऊन काढत, पब्लिकनं ‘अरे लढा की!’ म्हणून ओरडून घसा बसवून घेईपर्यंत नुसते घुमत राहतात आणि मग, कुणाची पापणी लवायच्या आत, चितपट. असं लिहिलंत की संपलं. लांबलचक वाक्यात अडकलेला श्वास त्या एका शब्दावर सुटतो आणि वाचक बैठकीवरून उठून फेटा उडवतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘पहिला पैलवान आला. दुसरा पैलवान आला. त्यांनी सलामी दिली. ते लढले. एक जिंकला.’ पाचही वाक्यं एका मापाची. माती अंगाला लागत नाही.

सगळ्यात अवघड विषय पुराचा, कारण त्यावर कोल्हापूरचा माणूस तुमच्याआधीच चांगलं बोलून बसलेला असतो. पंचगंगा पात्राबाहेर पडली की गल्लीच्या तोंडाशी हे ऐकू येतं:

‘किती झालं?’

‘४१.’

‘राधानगरी?’

‘दोन दारं उघडली. आपोआप.’

‘मग म्हशी हलवा की! बघताय काय?’

प्रश्न आहे, आज्ञा आहे, उद्गार आहे, आणि कुणीही माप घातलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे इथं पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावात ‘४१’ हे आख्खं वाक्य आहे. त्याला कर्ता नको, क्रियापद नको, उपमा तर नकोच. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपले आपण उघडतात, म्हणून ‘आपोआप’ एवढ्या एका शब्दात निम्मी भीती येते.

पण तुम्ही साहित्यिक. हे असं कच्चं वापरणं तुम्हाला शोभत नाही. त्याला नीट शिजवा: ‘ज्या समयी वरुणराजाने आपल्या सहस्रधारांनी करवीरनगरीस अभिषेक आरंभिला, त्या समयी जी पंचगंगामाई एरवी शांत वाहते, तिने असे काही रौद्र रूप धारण केले की, जे पाहून कुणाचे बरे हृदय हेलावणार नाही?’ वाक्य मिश्रही झालं, प्रश्नार्थीही झालं. पाणी फक्त कुठं दिसत नाही.

झालं की लगेच नदीकडच्या शुक्रवार पेठेत जा आणि सामान माळ्यावर टाकत असलेल्या एखाद्या मामांना वाचून दाखवा. ते विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली तशीच ठेवून, हातात पिठाचा डबा धरून, शेवटपर्यंत ऐकून घेतील. कोल्हापूरचा माणूस पाहुण्याचं मन मोडत नाही.

‘भारी लिहिलंयस गा,’ मामा म्हणतील. ‘ते ऱ्हाऊ दे. जामदार क्लबापाशी आलं का पाणी?’