पिवळी शाई संपली आहे

परवा रात्री मला एक पान छापायचं होतं. विम्याचा फॉर्म, त्यावर सही करून, स्कॅन करून रात्री बाराच्या आत मेल करायचा, असं त्यांनी पंधरा दिवस आधीच कळवलेलं, आणि मी नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवशी पावणेदहाला सोफ्यावरून उठलो. अख्ख्या फॉर्मात काळ्याशिवाय दुसरा रंग नाही, चौकटीसुद्धा काळ्याच. दहा मिनिटांचं काम आहे, असं बायकोला म्हणालो. ती काही बोलली नाही, फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणजे पुढचं तिला नीट ऐकायचं होतं.

प्रिंटर कोपऱ्यातल्या टेबलावर असतो आणि महिन्यातून एखाद्या वेळी लागतो, त्यामुळे त्याच्यावर कायम कुणाचं तरी काहीतरी ठेवलेलं असतं, त्या दिवशी इस्त्रीचे कपडे होते. ते उचलले, बटण दाबलं. आमचा प्रिंटर बटण दाबलं की लगेच चालू होत नाही. आधी खाकरतो. मग आत काहीतरी डावीकडून उजवीकडे जातं, परत येतं, थांबतं, पुन्हा जातं, म्हातारं माणूस रात्री अंधारात चष्मा शोधतं ना तसं. मग काडेपेटीएवढ्या स्क्रीनवर अक्षरं आली, 'स्वागत आहे'. हा स्वागत वगैरे करायला लागला की समजायचं, मागच्या वेळेनंतर आत काहीतरी अपडेट झालेलं आहे.

लॅपटॉपवरून प्रिंट दिली तर तो म्हणे प्रिंटर ऑफलाइन आहे. लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच टेबलावर, मध्ये वीतभर अंतर, हात लांब केला तर दोघांना एकाच वेळी थोबाडीत देता येईल, पण एकमेकांना ओळख नाही. मग आठवलं, गेल्या महिन्यात राउटर बदलला. आमच्या प्रिंटरला वायफायचा फक्त जुना २.४ गिगाहर्ट्झवाला पट्टा कळतो, ५ गिगाहर्ट्झ त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. ठीक आहे, तो पट्टा दिला. आता पासवर्ड. तो मुलीच्या सांगण्यावरून चांगला तगडा ठेवलाय, कॅपिटल, स्मॉल, आकडे, चिन्हं, सगळं. आणि प्रिंटरला कीबोर्ड नाही. वर आणि खाली असे दोन बाण आहेत, खालचा नीट दाबला जात नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षरासाठी वरच्या बाणाने सगळी बाराखडी चढत जायची, आणि हवं ते अक्षर एकदा का हुकलं की परत पूर्ण गोल फेरी, आकडे, टिंबं, प्रश्नचिन्ह सगळ्यांना नमस्कार करून. एकोणीस अक्षरांचा पासवर्ड आहे. सतरावं अक्षर भरताना स्क्रीन झोपली, आणि जागी झाली ती पहिल्या अक्षरावर.

बायको टीव्हीकडे बघत होती पण टीव्हीत कोण काय बोलतंय ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, ॲपवरून करा ना, एका मिनिटात होतं." ॲप घेतलं. ॲपला आधी माझं लोकेशन हवं. अरे, प्रिंटर कुठे आहे ते मला माहितेय, मी त्याच्या समोर उभा आहे! दिलं लोकेशन. मग अकाउंट, मग पासवर्ड विसरलात का, मग ओटीपी, मग 'तुमच्या अनुभवाला पाच पैकी किती तारे द्याल'. तारे दिवसासुद्धा दिसतात ते वेगळेच. असो. पावणेअकराच्या सुमारास सगळ्यांची ओळखपाळख झाली, मी प्रिंट दिली, कागद आत अर्धा इंच सरकला, आणि स्क्रीनवर आलं: पिवळी शाई संपली आहे.

आता मी शांतपणे विचार केला (खरंच केला). फॉर्म काळा. मी 'फक्त काळी शाई' हा पर्याय निवडलेला. काळी शाई काठोकाठ. मग पिवळीचा संबंध काय? तर कंपन्या म्हणतात की शाई नसताना प्रिंटहेड (कागदावर शाई उडवतं ते) चालवलं तर ते तापून खराब होतं, आणि नळ्या वाळू नयेत म्हणून सगळ्याच रंगांची शाई अधूनमधून वाहती ठेवावी लागते, शिवाय बऱ्याचदा काळा रंग गडद दिसावा म्हणून त्यात बाकीचे रंगही मिसळतात. काही अंशी खरंही असेल. पण माझ्या डोक्यात आलं ते पिवळ्या ठिपक्यांचं. बऱ्याच कलर लेझर प्रिंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके असतात. झेरॉक्सच्या एका मॉडेलचे ठिपके २००५ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेच्या लोकांनी निळ्या उजेडात धरून वाचले, तर त्यात छापल्याची तारीख, वेळ आणि प्रिंटरचा सीरियल नंबर! म्हणजे आपण पान छापतो आणि पान आपली चहाडी करतं. माझा इंकजेट, तो काही या भानगडीत नाही, पण रात्री अकरा वाजता माणसाला काहीही पटतं.

ड्रॉवरमध्ये दोन पिवळी कार्ट्रिजं होती. एक दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचं, स्वस्तातलं, पण बसतं बरोबर. ते घातलं. टक् असा छान आवाज आला. स्क्रीन म्हणाली, अनोळखी कार्ट्रिज, याच्याशी मी काम करणार नाही. मागच्याच वर्षी याच जातीचं कार्ट्रिज याच प्रिंटरने मुकाट्याने चालवून घेतलेलं! पण मधल्या काळात ते अपडेट, प्रिंटरच्या पोटातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, परस्पर बदलून गेलेलं. हे काही माझ्या एकट्याच्या नशिबात नाही. २०१६च्या सप्टेंबरात एचपीच्या कितीतरी प्रिंटरांनी एके दिवशी अचानक परकी कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली, आदल्या दिवशीपर्यंत गुण्यागोविंदाने नांदत होती ती. लोक भडकले, तेव्हा कंपनीने माफी मागितली, पण माफी कशाची, तर आधी नीट सांगितलं नाही याची.

आणि त्याच्याही आधी लेक्समार्क, तीही प्रिंटरवाली कंपनी. त्यांनी टोनरच्या डब्यावर एक चिप बसवली, डबा आमचाच आहे ना हे प्रिंटरने तिला विचारायचं. दुसऱ्या एका कंपनीने तशीच चिप बनवली तर लेक्समार्कने २००२ साली कॉपीराइटचा खटला भरला, आमचा प्रोग्राम चोरला म्हणून. तो महान प्रोग्राम केवढा होता? मोठ्यातला मोठा ५५ बाइट. मी हिशोब केला, 'पिवळी शाई संपली आहे' एवढंच वाक्य कॉम्प्युटरमध्ये मराठीत साठवायचं तर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीप्रमाणे ५१ बाइट लागतात. म्हणजे तेवढं लिहून चार बाइट उरले असते, शिवी द्यायची म्हटली तर तेवढीही जागा नाही. २००४ मध्ये अपिलात लेक्समार्कची बाजू पडली. मग त्यांनी रिकामी कार्ट्रिजं भरून विकणाऱ्यांविरुद्ध पेटंटची काठी काढली, ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१७ साली कोर्टाने सांगितलं की बाबांनो, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, घेणारा तिचं काय करतो हे तुम्ही बघायचं नाही. मी हे सगळं प्रिंटरला मोठ्याने सांगितलं. त्याने दिवा लुकलुकवला. कोर्टाचा निकाल माणसांना लागू होतो, फर्मवेअरला नाही.

दुसरं कार्ट्रिज मात्र अस्सल होतं. प्रिंटरच्याच कंपनीचं, पाव भरलेलं, हलवलं की आत डुचमळतं. ते घातलं. स्क्रीन म्हणाली, आपलं सबस्क्रिप्शन संपलेलं आहे, हे कार्ट्रिज वापरता येणार नाही.

इथे थोडं मागे जावं लागेल. प्रिंटर घेतला तेव्हा एका निळ्या बटणावर बोट पडून मी दरमहा शाईचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. घेतलं म्हणजे लागलं. एका क्लिकमध्ये घेण्याचं हे शास्त्र जुनं आहे, ॲमेझॉनने त्याचं चक्क पेटंट मिळवलं होतं १९९९ साली, आणि पुढच्याच महिन्यात बार्न्स अँड नोबल या पुस्तकवाल्यांवर दावा लावला, तुम्हीही एका क्लिकमध्ये विकताय म्हणून. कोर्टाने मनाई केल्यावर त्या बिचाऱ्यांनी मुद्दाम आणखी एक क्लिक घातली. २०१७ मध्ये पेटंटची मुदत संपली तेव्हापासून कुणालाही कुणालाही एका क्लिकमध्ये गंडवायची मोकळीक आहे. पण बंद करायला एक क्लिक पुरावी, असलं पेटंट कुणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. प्राइमची मेंबरशिप रद्द करण्यावरून अमेरिकन सरकारच्या ट्रेड कमिशनने २०२३ साली ॲमेझॉनवर जो दावा लावला त्यात म्हटलंय की ती रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांतून जावं लागायचं, आणि कंपनीत त्या प्रकाराचं नावच 'इलियड' होतं. दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या महाकाव्याचं नाव! मला त्या नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय, खरंच, माणूस वाचणारा असणार.

माझं शाईचं इलियड दोन महिन्यांपूर्वी झालं. 'खरंच जाताय?' असं विचारलं, हो म्हटलं. 'आम्ही कुठे कमी पडलो?' असं विचारलं, त्यात सहा कारणं होती आणि 'मला मुळात नकोच होतं' हे सातवं नव्हतं. मग एक रडवेला चेहरा. मग दोन बटणं, 'राहू द्या' हे ठळक निळं आणि 'तरीही जा' हे पांढऱ्यावर फिकट राखाडी, मी चष्मा काढून स्क्रीनला नाक लावून ते दाबलं. पण मला वाटलं होतं की पैसे भरून घरात आलेली शाई तरी माझी. तर नाही, ती शाई भाड्याची होती. डबा घरात, शाई डब्यात, आणि किल्ली त्यांच्याकडे.

माझा आवाज बहुतेक चढला असावा कारण मुलगी येऊन दारात उभी राहिली. मी तिला म्हणालो, "तुला माहितेय, एचपीचा सीईओ २०२४ मध्ये टीव्हीवर उघड म्हणाला की गिऱ्हाइकाने प्रिंटर घेतला की ती आमची गुंतवणूक असते, आणि त्याने पुरेसं छापलं नाही किंवा आमची शाई वापरली नाही तर ती वाईट गुंतवणूक. म्हणजे मी कोण? बुडीत खातं!" ती "हं" म्हणाली. मग मी तिला रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरची गोष्ट सांगितली, की १९८०च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद सारखा अडकायचा, आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने स्वतः फेरफार करून ठेवले होते की कागद अडकला तर लोकांना निरोप जावा, पण या नव्याचा सोर्स कोड, म्हणजे फेरफार करायला लागतो तो मूळ प्रोग्राम, मागितला तर मिळाला नाही, तो असा संतापला की पुढे १९८३ मध्ये त्याने कुणालाही उघडून बदलता येईल अशी जीएनयू ही सिस्टीम जाहीर केली, फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, आज जगातले कितीतरी कॉम्प्युटर त्या माणसाच्या त्या रागावर चालतात.

"मग तो प्रिंटर चालला का?"

मी विषय बदलला.

अकरा वाजून बारा मिनिटांनी मी सबस्क्रिप्शन पुन्हा घेतलं. एका क्लिकमध्ये. लगेच 'आम्हाला माहीत होतं तुम्ही परत याल' असा मेल आला, त्यात फुगे होते. प्रिंटर एकदम माणसात आला, आत गुळगुळ आवाज झाला, हेड क्लिनिंग म्हणे, आणि मग त्याने आपणहून एक पान बाहेर काढलं. अलाइनमेंट पेज. पट्टे, चौकोन, रेघा, निळं, जांभळं, आणि मधोमध दोन बोटं रुंदीचा, कडेपासून कडेपर्यंत, सूर्यफुलासारखा भडक पिवळा पट्टा. मी ते पान हातात धरून उभा होतो तर अजून ओलं होतं, अंगठ्याला पिवळं लागलं. मग दुसरं. पहिलं त्याला पसंत पडलं नसावं.

आणि मग माझा फॉर्म आला. काळा. सुरेख. मी सही केली, तारीख घातली, काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, स्कॅनचं बटण दाबलं.

पिवळी शाई संपली आहे.

स्कॅन करायला शाई! फोटो काढायला लागते का शाई? नंतर वाचलं की याच गोष्टीवरून, म्हणजे शाई संपली म्हणून स्कॅनर अडवून ठेवण्यावरून, २०२१ मध्ये अमेरिकेत एकाने कॅननवर दावा ठोकला होता. त्या अनोळखी माणसाबद्दल मला सख्ख्या भावासारखं वाटलं. पण त्या क्षणी मी फक्त झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि बायकोने टीव्ही बंद केला.

मुलीने फॉर्म उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, फोनने टिचकन फोटो काढला, बाजूची कड कापली, पीडीएफ केली, मेल टाकला. अकरा त्रेपन्न. जाता जाता म्हणाली, "बाबा, या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ऑनलाइन सही चालेल." मी म्हटलं, हो, वाचलं होतं मी.

इस्त्रीचे कपडे परत प्रिंटरवर ठेवले आणि झोपलो. अडीचला जाग आली. बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता, आधी खाकरल्याचा, मग काहीतरी डावीकडून उजवीकडे गेल्याचा, मग गुळगुळ, गुळगुळ. उठून बघितलं तर अंधारात तो एकटाच कपड्यांखाली हिरवा दिवा लावून हेड साफ करत बसला होता. कसल्या शाईने, ते त्याचं त्यालाच माहीत.